रत्नागिरीत, रविवारपर्यंत

लॉजच्या गॅलरीत बसून मंदाताईंनी आंब्याची फोड तोंडात घातली, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून धाकटा भाऊ, हेमंत.

"ताई, आईला सांभाळणाऱ्या बाई आज आल्याच नाहीत. तू रात्रीच्या गाडीनं निघ ना."

समोर मांडवीचा समुद्र दुपारच्या उन्हात पसरला होता. रत्नागिरी मंदाताईंची फार लाडकी. पण आईनं अंथरूण धरल्यापासून इथं यायला सवडच झाली नव्हती. काल पोचल्या आणि नुसत्या झोपल्या. आताही सवयीनं बॅग भरायला उठू लागल्या, पण अंगात त्राणच नव्हतं.

"मी ठरल्याप्रमाणे रविवारीच येईन," त्या म्हणाल्या. "तोवर तू बघ."

हेमंतनं रागानं फोन ठेवला. मंदाताईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त झोप आली.

संध्याकाळी पुन्हा त्याचाच फोन. आवाज पार उतरलेला. "ताई, आई घासच गिळत नाही गं. तासभर बसलोय."

"तेवढा वेळ लागतोच. भात अजून मऊ कर, मानेखाली हात धर. आणि तिच्यावर ओरडू नकोस."

"रोज असंच?"

"रोज. सकाळ, दुपार, रात्र."

हेमंत हळूच म्हणाला, "रविवारची घाई करू नकोस. राहा अजून थोडे दिवस."

मंदाताईंनी पदरानं डोळे टिपले.

"भात गार होतोय," त्या म्हणाल्या. "भरव तिला."