केझायाच्या नावाचा दगड

ऑर्डवेबाईंनी केझायाची हकीकत तिच्याच तोंडून ऐकली, तिच्याच नावानं कादंबरी लिहिली आणि शेवटच्या प्रकरणात तिला मारून टाकलं. ओहायोतलं ते अख्खं गाव धाय मोकलून रडलं. गुलामगिरीविरुद्ध आजवर ब्रही न काढलेली माणसं मळेवाल्यांच्या नावानं बोटं मोडू लागली. बायकांनी सुतकाचे काळे झगे शिवले आणि चर्चमागे केझायाच्या नावाचा दगड उभारला.

केंटकीच्या मळ्यावरच्या गुलामीतून पळून आलेली खरी केझाया तेच झगे धुवायची आणि त्या दगडाशेजारीच वाळत घालायची.

"अहो बाई, मी चांगली धडधाकट आहे की!"

"तू गप गं," ऑर्डवेबाई दटावायच्या. "जित्याजागत्या माणसासाठी इथं कोण रडतंय?"

एक दिवस केंटकीहून मालकाचा माणूस बेड्या घेऊन केझायाला धरून न्यायला आला. तिचं नाव ऐकताच वाण्याचे डोळे भरले, पाद्री हुंदके देऊ लागला आणि बायकांनी त्या माणसाला थेट दगडापाशी नेलं. बेड्यांचा आवाज ऐकून केझाया दोरीवरच्या चादरीआड थिजली.

त्या माणसानं टोपी काढली. "पुस्तक मीही चोरून वाचलंय," तो मुसमुसत म्हणाला. "वाटलं होतं, शेवट तरी खोटा असेल."

चादरीआडून एक धुतलेला रुमाल पुढे आला. त्यानं नाक शिंकरलं आणि बेड्या उचलून तो चालता झाला.

केझाया धावतच ऑर्डवेबाईंकडे गेली.

"बाई, माझी बहीण पळून यायचं म्हणतेय. तिलाही मारा ना!"