डावं मडगार्ड

सगळे आदराने ज्याला मांग बेरो म्हणत, त्या गॅरेजवाल्याने लाकडी ठोकळा भिंतीवर भिरकावला. तो आपटून रंगाच्या डब्यांमागे जाऊन पडला.

"तिसरा," त्याची बायको ल्युमिंग दारातून म्हणाली.

"सपाट ठोकळा गोलाईवर चालत नाही. मध्येच पुट्टी खातो." तो तिच्याकडे न बघताच बोलला. "चपलेचं रबर घेतलं तर ते फारच मऊ. लाट असेल तशी वर-खाली होतं."

"मग हातानंच घासा सँडपेपर."

"बोटांच्या रेघा उमटतात. आंधळ्यानं हात फिरवला तरी कळेल."

हात फिरणारच होता. सकाळपासून पोलीस लिपा शहरातली प्रत्येक हिरवी जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, तपासत होते. काल संध्याकाळी साडेसहाला बाजाराच्या वळणावर एका हिरव्या जीपनीने लोला सेपाला उडवलं होतं. चाळीस वर्षं त्याच वळणावर बसून म्हातारी तांदळाचा केक, बिबिंगका, भाजत होती. जीपनी थांबली नाही. पहाटे म्हातारी गेली.

आणि काल साडेसातला मांग बेरोचा एकुलता एक मुलगा एल्मर जीपनी घेऊन घरी आला, तेव्हा पुढचं डावं मडगार्ड आत चेपलेलं होतं.

"खांबाला लागली, ताताय," एल्मर बापाला म्हणाला होता. "सांता क्लारात. शाळेच्या फाटकाच्या."

"सांता क्लारात? एवढ्या लांब तिकडे तुझं काय काम?"

एल्मरने मान खाली घातली होती. सकाळी कॉफी प्यायला म्हणून कोपऱ्यावर गेला तो परत आलाच नाही. फोन बंद. मांग बेरोला आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती. बापाला कळतं. त्याने चेपलेला पत्रा आतून ठोकून वर काढला आणि उरलेल्या खळग्यात पुट्टी भरली.

"पोरगं खोटं बोलत नाही हो," ल्युमिंग पुन्हा म्हणाली. सकाळपासून तिची जपमाळ हातातून सुटली नव्हती.

"मग पळाला कशाला?"

"पळाला असं तुम्हीच म्हणताय."

"तू आत जा बघू!"

ती गेली नाही. तो उजव्या मडगार्डाकडे वळला. ते धड होतं, आणि दोन्हीकडची गोलाई त्यानेच एका मापाने ठोकून काढलेली होती. त्याने त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला, कागदावर पुट्टीचा जाड थर थापला, थरात धरायला लाकडाचा तुकडा रोवला आणि थांबला. पुट्टी गरम होऊन वाळेपर्यंत तो रस्त्याकडे बघत होता. एकदा पोलिसांची गाडी गेली. गाडी थांबली नाही.

वाळलेला ठोकळा त्याने उचकटून काढला. ठोकळ्याच्या पोटाला मडगार्डाची नेमकी गोलाई आली होती. त्याने त्याला पेपर चिकटवला आणि डाव्या बाजूवर तिरका फिरवायला घेतला. एकदा असा, एकदा तसा. पुट्टीचा भुगा त्याच्या भुवयांवर बसला. तीस वर्षांत त्याने बिशपची गाडी घासली होती, महापौराची घासली होती. पण असा हात त्याचा कधी चालला नव्हता. वरून काळा फवारा मारून तो पुन्हा घासत होता. जिथे काळं उरेल तिथे खड्डा. शेवटी कुठेच काळं उरलं नाही.

प्रायमर. मग रंग. हिरवा त्याच्याच हाताने मिसळलेला होता, पाच वर्षांपूर्वीचा. उन्हाने तो किती उतरलाय हेही त्याला ठाऊक होतं. त्याने त्यात चिमूटभर पिवळा टाकला. दुपारच्या उन्हात रंग तासाभरात सुकला. पॉलिश मारून त्याने वर रस्त्यावरची धूळ शिंपडली.

चारला सार्जंट लोंतोक आला. एकटाच.

"मांग बेरो, हीच ना एल्मरची जीपनी?"

"हीच."

सार्जंटने जीपनीला एक फेरी मारली. डाव्या मडगार्डापाशी तो उकिडवा बसला. तळहात सावकाश फिरवला. वरून खाली, खालून वर. बोटांनी टकटक केलं. थिनरचा वास येत होता, पण या गॅरेजात तो नेहमीच यायचा.

"हिला कुठे ठोकर लागली होती का? एवढ्यात?"

"नाही."

"नीट आठवा. थोडा चेपलेला पत्रा, एखादा ओरखडा... असेल तर सांगून टाका. घाबरू नका."

सगळे असंच गोड बोलतात, मांग बेरोला वाटलं. ल्युमिंगने तोंड उघडलं. "सार्जंटसाहेब, काल—"

"कॉफी ठेव!" तो तिच्यावर ओरडला. मग हसला. "काल मीच धुतली ही गाडी. साधा ओरखडा नाही. सांतो निन्योची, बाळ येशूची शपथ."

"लिहून द्याल?"

"देतो की."

सार्जंटने कागद लिहिला. मांग बेरोने सही केली. आता काहीही होवो, पोरगं वाचलं, असं त्याच्या मनात आलं आणि पहाटेपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागल्याचं जाणवलं.

सार्जंटने कागदाची घडी करून खिशात घातली. तो लगेच निघाला नाही. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं.

"सकाळी कोपऱ्यावरूनच उचलला एल्मरला आम्ही. तेव्हापासून एकच सांगतोय. सांता क्लाराच्या शाळेत एक मास्तरीण आहे, तिला बघायला गेलो होतो, साडेसहाला फाटकाच्या खांबाला ठोकली. शाळेच्या शिपायानंही एक हिरवी जीपनी खांबाला धडकताना पाहिली. नंबर तेवढा पाहिला नाही." त्याने त्या गुळगुळीत मडगार्डाकडे पुन्हा एकदा बघितलं. "तो म्हणाला, ताताय खोटं बोलणार नाहीत, गॅरेजात जाऊन चेपलेला पत्रा बघा. मी साहेबांना सांगून आलो होतो, पत्रा खांबाच्या आकारात चेपलेला दिसला की पोराला सोडू."