संपर्क झाला नाही

सातव्या फोनवर बाई म्हणाली, "ते गेले."

"परत कधी येतील? मी मग करते," नर्स बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "मंगळवारी गेले. घरी आणलं त्याच्या चौथ्या दिवशी. पण तुमच्याकडचे सगळे फार चांगले वागले हो. पाचपैकी पाच लिहा."

नर्सने पाच लिहिले.

अकरा वर्षं वॉर्डात काढल्यावर, चाळिशीला टेकलेली ती पुन्हा शिकायला बसली होती. आरोग्यसेवा सुधारायची कशी, आणि ती खरंच सुधारली का हे मोजायचं कसं, असा तो अभ्यासक्रम. प्रबंधासाठी तिला स्वतःच्याच रुग्णालयातली 'लवकर घरी' योजना मिळाली होती. थकलेल्या हृदयाच्या पेशंटांना पूर्वी सहाव्या दिवशी सोडत, आता तिसऱ्या. खाटा भराभर रिकाम्या होत होत्या, वरचे साहेब खूश होते. तिने त्यातल्या साठ जणांच्या घरी फोन करायचे आणि विचारायचं, सेवा कशी वाटली?

दुपारपर्यंत एकेचाळीस फोन झाले. त्यातली सहा माणसं गेलेली होती. सहाही जण घरी आल्यापासून दहा दिवसांच्या आत.

कागद घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक, आणि योजनाही त्यांचीच. त्यांनी चष्मा वर सारून यादी नीट वाचली, घाई केली नाही.

"तुझ्या प्रश्नावलीत मृत्यूचा रकाना आहे?"

"नाही."

"मग कुठे भरणार हे?"

"तेच विचारायला आले."

"'संपर्क झाला नाही' मध्ये टाक."

"पण झाला ना, मॅडम. मी बोलले त्यांच्याशी."

"पेशंटशी बोललीस?"

नर्सने नकारार्थी मान हलवली.

"हे बघ," मॅडमचा आवाज मऊ झाला, "म्हातारी माणसं, थकलेली हृदयं. सहाव्या दिवशी सोडायचो तेव्हा त्यातली किती जायची, माहितीये तुला?"

"नाही. तेव्हा कुणी फोनच करत नव्हतं."

"मग सहा म्हणजे जास्त की कमी, कशावरून ठरवतेस? तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हे पहिल्याच महिन्यात शिकवलंय मी." त्यांनी यादी परत दिली. "सोमवारी बावीस रुग्णालयांत सुरू होतेय योजना. उरलेले एकोणीस फोन उरकून टाक."

मॅडम चुकीचं काही बोलल्या नव्हत्या. जिना उतरताना नर्स तेच घोळवत होती.

तिला फोनच्या खोलीत जायचं होतं, पाय मात्र वॉर्डाकडे वळले.

दाराशीच चाकाच्या खुर्चीत एक म्हातारबाबा बसले होते. मूळचे ट्रकड्रायव्हर. दाढी केलेली, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. लेक खाली बसून त्यांच्या पायात चपला सरकवू बघत होती.

"पाय माझेच आहेत," म्हातारबाबा हसत म्हणाले, "पण चपला कुणीतरी दुसऱ्याच्या आणल्यायत बघा."

नर्स वाकली. तिने अंगठा त्यांच्या नडगीवर दाबला आणि उचलला. खळगा पडला तो पडलाच. भरून यायचं नाव घेईना; हृदयाला न उपसलेलं पाणी पायांत साचलं होतं.

"यांना आज कुणी तपासलं?"

वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर पुढे आली. कधीकाळी तिला सुई धरायला याच नर्सने शिकवलं होतं. "सकाळी तपासलं, ताई. कागद झाले. खाटेवर नवा पेशंट आलाय."

"पाय बघ यांचे."

"बघितले." सिस्टरने नजर चुकवली. "औषध दिलंय लिहून. घरी उतरेल सूज. ताई, तू आता इथे शिकायला येतेस ना? मग नको पडूस मध्ये."

लेक उठून उभी राहिली. तिने एकदा नर्सकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे. "काय झालं? डॉक्टर तर म्हणाले सगळं ठीक आहे."

"यांना आज नेऊ नका," नर्स म्हणाली.

"का?"

सांगायला तिच्याकडे काय होतं? सहाचा आकडा, ज्याला अर्थ नव्हता. "डॉक्टरांना परत बोलवा. ते येऊन पाय दाबून बघेपर्यंत इथून हलू नका."

"अगं पोरी, जाऊ दे की घरी," म्हातारबाबा कळवळून म्हणाले. "तीन दिवस झाले, म्हातारी एकटी आहे."

"एवढंच सांगा," लेकीने विचारलं, "तुमचे वडील असते तर नेले असते तुम्ही?"

"मी आज एकेचाळीस घरी फोन केलेत, ताई," नर्स म्हणाली. "नसते नेले."

लेकीने वडिलांकडे पाहिलं नाही. खाली वाकून तिने खुर्चीचा ब्रेक लावला. मग सिस्टरला म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा."

सिस्टर तणतणत फोनकडे गेली. नर्सने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि मागे पाहिलं. म्हातारबाबांची खुर्ची अडल्यामुळे बाहेर जायचा सगळा पॅसेज तुंबला होता. घरी निघालेल्यांच्या चार खुर्च्या एकामागे एक, मांडीवर पिशव्या, आणि वरच्या मजल्यावरून लिफ्टने पाचवी खाली येत होती.

सर्वांत पुढच्या खुर्चीतल्या आजींनी तिच्या बाहीला हात लावला. कपाळाला ठसठशीत कुंकू, डोळ्यांत घरी जायचा आनंद.

"त्यांना राहायचं तर राहू दे गं," आजी म्हणाल्या. "आम्हाला तेवढी वाट दे."

एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.