तिसऱ्या मजल्यावरची नोंदवही

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आंतरराष्ट्रीय आरोग्य संघटनेच्या महासंचालिका आरोग्यमंत्र्यांच्या दालनात आल्या. साडेअकराला मंत्रिमंडळाची बैठक होती. शिसं असलेल्या रंगावर बंदी मागायची की विषय पुन्हा पुढे ढकलायचा, हे मंत्र्यांना तोवर ठरवायचं होतं.

“बाहेरचे आकडे दाखवून आम्हाला शिकवू नका, मॅडम,” मंत्री म्हणाले. “इथे रंगाचे कारखानदार माझ्या डोक्यावर बसलेत.”

“आकडे बाहेरचे नाहीत. याच इमारतीतले आहेत, तिसऱ्या मजल्यावरचे. नियमाप्रमाणे दर वर्षी आमच्याकडे येतात. त्या बाईंना बोलवा ना.”

सरकारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाई ॲप्रनवरच आल्या. काखेत जाडजूड नोंदवही. शाळांमधल्या झोपाळ्यांच्या, घसरगुंड्यांच्या रंगाचे एकशे बारा नमुने त्यांनी तपासले होते. चौऱ्याहत्तर नमुन्यांत शिसं निघालं होतं.

“मला कसं कळवलं नाही?”

“तीन वर्षांत तीनदा कळवलं, साहेब. जावक क्रमांक सांगू?”

मंत्र्यांच्या शेजारी बसलेले खात्याचे सचिव खिडकीबाहेर बघू लागले.

“तपासणीत चूक नाही ना?”

“म्हणाल तर पुन्हा करते. पण शिसं काही साहेबांना घाबरून कमी होणार नाही.”

महासंचालिका हसल्या नाहीत. “हुकूम काढायचा अधिकार मला नाही. पण पुढच्या महिन्यातल्या परिषदेत हा अहवाल मी सगळ्यांत आधी वाचणार आहे. यांनी स्वतः शोधलं आणि स्वतःच बंद केलं, असं मला चाळीस देशांपुढे सांगायचंय. अर्धं वाक्य या बाईंनी दिलंय. उरलेलं तुमच्याकडे.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर अर्धंच वाचेन.”

मंत्री उठले. नोंदवहीसाठी त्यांनी हात पुढे केला.

“प्रत देते, साहेब.”

“प्रत नको. हीच वही बैठकीत ठेवतो.”

“मग पावती लागेल. मूळ वही पावतीशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही.”

“अहो बाई, काय हे!” सचिव म्हणाले.

मंत्र्यांनी कागद ओढला, स्वतःच्या हाताने पावती लिहिली, सही केली.

वर प्रयोगशाळेत सहकाऱ्याने ती दोनदा वाचली. “ताई, फ्रेम करायची का?”

“वही येऊ दे आधी,” बाई म्हणाल्या आणि एकशे तेरावा नमुना घ्यायला वळल्या.

दुपारी दोनपर्यंत बैठक संपली नव्हती. कपाटात नोंदवहीच्या रिकाम्या जागी पावती उभी होती, सही बाहेरून दिसेल अशी.