जाळीवरची पाटी

सेलूच्या सोमेश्वरनं भंगारातल्या जीपचं इंजन घालून घरच्या अंगणात दोन सीटांची उघडी मोटार बनवली, आणि रेडिएटरच्या जाळीवर भलीमोठी पितळी पाटी ठोकली: 'निर्माते: श्री. सोमेश्वरअप्पा सेलूकर'. तेव्हापासून दर चार-पाच किलोमीटरला इंजन थंड ठेवणारं कूलंट दुधासारखं उतू जायला लागलं.

"अहो, ती पाटी काढा की. इंजनाला वाराच लागंना झालाय," बायको महेश्वरी म्हणाली.

"मग गाडी कुणी बनिवली ते लोकायला कळंल कसं?" म्हणत त्यानं कूलंटच्या बाटलीजागी मोठा कॅन बसवला. तोही पुरेना, तेव्हा वीस लिटरचा जार आणून महेश्वरीच्या सीटवर ठेवला, नळी जोडली आणि वरून सीटचा पट्टाही लावला.

महेश्वरी एसटीनंच माहेरी पाथरीला जाऊन आली. परत येताना अरुंद पुलावर एसटी थांबली. समोर तीच मोटार वाफा सोडत उभी होती, दोन्हीकडं वाहनं तुंबली होती.


एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली, पाटी सावकाश वाचली, आणि नाव घेऊन शिव्या घातल्या.