खोडायचं नाही

एक्केचाळिसावा प्रश्न.

घरी, नंदाखाल गावातल्या बागेत, सकाळीच उतरवून ठेवलेला केळीचा लोंगर.

जाहिरातीतली वयाची अट: सव्वीस पूर्ण नसावीत.

मार्सेलचं गुलाबी रबर. वासाचं. बाकाच्या कडेने इंच इंच सरकत आलेलं.

रोझमेरीने ते बोटाने परत ढकललं.

"अगं, घे ना," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून मार्सेल पुटपुटला. "माझा कागद बघ, कोंबडीने उकरल्यासारखा झालाय."

बँकेची परीक्षा. चारांतलं एक उत्तर निवडायचं, त्याचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. एक्केचाळिसाव्यात तिने 'ब' काळा केला होता. आता उत्तर 'ड' आहे हे तिला लख्ख दिसत होतं. तेविसावा आणि साठावाही तसेच चुकले होते. पुढच्या महिन्यात तिला सव्वीस पूर्ण होणार. पुन्हा फॉर्म भरता येणार नव्हता.

पण पप्पांना शब्द दिला होता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गावातली पोरं पेन्सिली घेऊन तिच्या पप्पांकडे, आलोशियस मास्तरांकडे येत. मास्तर पात्याने टोक काढत. मग पेन्सिल उलटी धरून मागचं रबर कापून टाकत. "पहिलं उत्तर देवाचं. दुसरं भीतीचं. खोडायचं नाही." पोरं मान डोलवत, आशीर्वाद घेत आणि जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन रबर घेत. साऱ्या गावाला हे माहीत होतं. मास्तरांना सोडून.

घंटा झाली. तिन्ही गोल जागच्या जागी राहिले.

मास्तर फाटकातच उभे होते.

"खोडलं नाहीस ना?"

"नाही, पप्पा."

त्यांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली. पेपर कसा गेला, हे विचारलंच नाही.

निकाल पेपरात आला. मार्सेलचा नंबर होता. तिचा नव्हता. मार्सेल अंगणात आला, चपला चाळवत उभा राहिला. "मास्तर, पेढे मागाहून आणतो," म्हणाला आणि गेला.

"तीन उत्तरं मला येत होती, पप्पा," रोझमेरी म्हणाली. "रबर हाताशी होतं. तुमच्यासाठी मी चुका तशाच ठेवल्या."

 मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस, बाळ."

तिने तो हात झटकला. या माणसाला पोरीपेक्षा आपला हट्ट प्यारा, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. मास्तरांच्या अखेरपर्यंत. त्यांनी तिला एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती.

१९६८ साली तिच्या आईच्या, हेलनच्या, ऑपरेशनच्या कागदावर आलोशियसने सही केली होती, आणि नातेवाइकांनी घाबरवल्यावर तासाभराने ती खोडली होती. ऑपरेशन न होताच हेलन चौथ्या दिवशी गेली.