बिदून लहम

अरबीत कोंबडीला दजाज म्हणतात.

मोडलेल्या बोटाला बांधायची ॲल्युमिनियमची पट्टी आखातातल्या महबूल्याच्या फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते.

लेकीच्या चौथीच्या वर्गात अदिबा नावाची मुलगी डब्यात चिकन नगेट्स आणते आणि सगळ्यांना वाटते. घरी कुणी सांगत नाही.

फिंतासच्या हॉटेलात टाकोच्या बीन्समध्ये मांसासारखं काहीतरी लागलं होतं. त्या रात्री बाथरूमच्या दाराला आतली कडी नव्हती. ती आधीच काढून ठेवलेली होती.

आज एगैल्याचा मॉल आणि नवं टेक्स-मेक्स हॉटेल. देवयानीने शोधलेलं. लेकीला वाढदिवसाला टाकोच हवे होते, आणि देवयानीच्या नवऱ्याच्या, सदानंदच्या घराण्यात अंड्याचा वाससुद्धा कुणी घेतला नव्हता. म्हणून वर्षभर देवयानी शाकाहारी टाको शोधत होती. हॉटेल चुकलं की निवाडा घरी होत होता.

"मेनू ठेव खाली," सदानंद म्हणाला. "तू शोधलंयस म्हणजे विचारूनच घ्यायला हवं. मी बोलतो यांच्या भाषेत."

वेटर इजिप्तचा होता. छातीवर यूसुफ नावाची पाटी. सदानंद खुर्चीत रेलला.

"टाको. कुल्लू बिदून लहम."

"तमाम, या बाशा!" यूसुफ खूश झाला. बाशा, म्हणजे साहेब, असं ऐकून सदानंदही फुलला.

कुल्लू बिदून लहम म्हणजे सगळं मांसाशिवाय, असं सदानंदला बँकेत कुणीतरी शिकवलं होतं. पण इथल्या हॉटेलांत लहम म्हटलं की मटण, नाहीतर बीफ. कोंबडी त्यात धरत नाहीत. लहम नको म्हणणाऱ्याला कोंबडी घालून देतात, आणि अगदी मनापासून देतात. देवयानीला हे लिफ्टमधल्या शेजारणींकडून कळलं होतं.

"अहो, नबाती म्हणा," ती हळूच म्हणाली. "शाकाहारीला नबाती..."

टेबलाखाली तिची करंगळी त्याच्या मुठीत गेली. मागे वाकली. आणखी वाकली. वर सदानंद यूसुफकडे बघून हसत होता. यूसुफही हसला आणि गेला.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"अरबी शिकवतेस मला?"

"नाही हो."

बोटातून आवाज आला असेल, तर तो हॉटेलातल्या गाण्यात बुडाला.

"पप्पा, कॅन आय गेट एक्स्ट्रा चीज?" लेकीने विचारलं.

"माग ना, राणी. आज तुझा दिवस." त्याने मूठ सोडली.

प्लेटा आल्या. मक्याच्या कडक पोळ्या, आत बीन्स, टोमॅटो, वर चीज. सदानंदने एक उचलून बायकोपुढे धरला.

"आधी तू."

दर वेळी तीच आधी खायची.

"तुझ्या जिभेला ओळख आहे ना," तो म्हणाला. "तुमच्या त्या समुद्रावरच्या घरात काय काय शिजायचं."

तिने डाव्या हाताने टाको घेतला. पोळी फुटली. बीन्स, जिरं, लिंबू. मग दाढेखाली एक तंतू आला आणि उभा चिरला गेला. मग दुसरा. जिऱ्याखाली, चीजखाली कोंबडी होती. छातीची, बारीक पिंजलेली. चांगली शिजवली होती.

सांगितलं असतं तर प्लेट भिंतीवर गेली असती. यूसुफची कॉलर धरली गेली असती. आणि मग घर.

तिने गिळलं.

"शुद्ध?"

"शुद्ध."

"नक्की? घाल शपथ."

"पोरीची शपथ," देवयानी म्हणाली.

सदानंदने खाल्लं. तोंड भरून खाल्लं. देवयानी त्याचा जबडा बघत होती. वर, खाली, वर. गालाआड ते फिरत होतं, लाळेत भिजत होतं, आजवर त्या तोंडात न गेलेलं. मग त्याचा कंठमणी वर चढला आणि खाली गेला. तिने दुसरा घास बघितला. तिसराही बघितला.

"सापडलं बाबा एकदाचं धड हॉटेल!" तो म्हणाला. "आधीपासून मीच ऑर्डर द्यायला हवी होती. तुला धड विचारताच येत नाही कुणाला."

"हो," देवयानी म्हणाली.

लेकीने मोठा घास घेतला. दोनदा चावला आणि थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"मम्मा, धिस इज..."

देवयानीचा चांगला हात टेबलाखाली गेला. लेकीची करंगळी सापडली. तिने ती मागे वाकवली.

सदानंदने वर बघितलं. "इज काय?"

"यम्मी," लेक म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तिखट लागलं वाटतं पोरीला," सदानंद हसला. "पाणी दे तिला."

देवयानीने हात काढून घेतला. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. लेकीने तो घेतला नाही. ती आईकडे बघत होती, जसं कुणी दार उघडल्यावर आत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. देवयानीने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो नेमका तिथेच बसला होता, जिथे सदानंदचा बसतो.

"अजून मागवू?" सदानंदने बोटं चाटत विचारलं.

"मागवा. पण तुम्हीच सांगा. मघासारखंच."

सदानंदने हात वर केला. "यूसुफ! बिदून लहम!"

वडील गेल्यापासून लग्नापर्यंत, रेवदंड्याच्या घरी रविवारची कोंबडी देवयानीच कापायची.